काकूंची लाल कांडी

"ही कुणी घासली?"

हे विचारण्याआधी बाई कांडी खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या. एक डोळा मिटायचा, अंगठ्याचं नख टोकापासून मागे हळूच ओढायचं आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. "मी घासली" असं उत्तर आलं तर त्या म्हणत, "खरंच?" आणि "माहीत नाही" असं आलं तर म्हणत, "वाटलंच."

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. त्या विश्रांतवाडीत राहतात, चष्म्याशिवाय वाचतात, आणि हे त्यांच्या हाती पडलं तर मजकुराआधी लिहिणाऱ्याची चौकशी करतील.

आमचं वर्कशॉप खडकीत, रेल्वेच्या रुळांकडे जाणाऱ्या एका गल्लीत आहे. मी तिथे हिशेब आणि खरेदी बघतो. इस्पितळातली उपकरणं ठेवायच्या स्टेनलेसच्या पेट्या आम्ही करतो. पत्रा आठ दशांश मिलिमीटर जाडीचा, म्हणजे तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल साधारण तेवढा. इतक्या पातळ पत्र्याला साधं वेल्डिंग जाळून टाकतं. त्याला टिग वेल्डिंग लागतं. कारागीर त्याला नुसतं 'आर्गन' म्हणतात. त्यात हातात धरायच्या नळीत, म्हणजे टॉर्चमध्ये, टंगस्टनची बारीक कांडी बसवतात. ती स्वतः वितळत नाही. तिच्या टोकातून विजेची धार निघते, तिनं पत्रा वितळून जोडला जातो, आणि भोवतीनं आर्गन वायू सोडतात म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागत नाही.

कांडी वीतभर लांब, विणायच्या सुईहून बारीक. तिच्या एका टोकाला रंग दिलेला असतो, दुसरं टोक पेन्सिलीसारखं घासून अणकुचीदार करायचं. लांबीच्या दिशेनं घासलं तर धार सरळ पडते. आडवं घासलं तर ती भरकटते. जाड लोखंड असलं भरकटणं पोटात घालतं, पातळ पत्र्याला मात्र भोक पडतं.

कांडी कुठल्या जातीची आहे हे फक्त रंगावरून कळतं. रंग काढला तर लाल, राखाडी, हिरवी, सगळ्या एकसारख्या दिसतात. म्हणून रंगाचं टोक कधीही घासायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम. नवी कांडी हवी असेल तर झिजलेली परत द्यायची, तीही रंग दाखवून, हा दुसरा. एकदा कुणीतरी घाईत रंगाचंच टोक घासून खिडकीशी आणलं. बाईंनी ती कांडी सगळ्यांदेखत भंगाराच्या डब्यात टाकली.

"रंग गेला. आता ही कोण आहे ते हिचं हिलाच माहीत."

बाई आमच्या स्टोअरच्या खिडकीत बसायच्या. स्टोअरची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. वेल्डर त्यांना काकू म्हणत, मी बाई म्हणत असे. मालकही त्यांना बाईच म्हणत आणि त्यांच्याशी बोलताना खिशातले हात बाहेर काढत.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की कामाचा भाग, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. मी शनिवार पेठेत राहतो, घराजवळच्याच एका दुकानातून कांड्यांची पाकिटं घेऊन सकाळी खडकीला येत असे. पाकीट खिडकीवर ठेवलं की चौकशी सुरू.

"साहेब, हे तुम्ही स्वतः घेतलंत?"

"हो."

"तुमच्यासमोर काढून दिलं, की आत जाऊन आणलं?"

"आत जाऊन आणलं."

"मग तुम्ही काय घेतलंत ते तुम्हाला कसं माहीत?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी, दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवणारी. मी स्वतः त्याच गावचा आहे. हिशेबाच्या माणसाला संशय हा पगारात धरून दिलेला असतो. पण मी आकड्यांवर संशय घेतो. बाई आकड्यांवर, मालावर, माणसांवर आणि हवेवरही घेत.

हवेवर म्हणतो ते उगाच नाही. त्यांचा दुसरा प्रश्न होता, "कोण खोकलं?"

शेडमध्ये कुणीही खोकलं की खिडकीतून हा प्रश्न यायचा. ग्राइंडरचा आवाज चालू असला तरी त्यांना खोकला बरोबर ऐकू जाई. मला वाटायचं, चोरून विडी ओढणाऱ्यांना पकडण्यासाठी विचारतात. कारागिरांनाही तसंच वाटायचं. त्यामुळे कुणी उत्तर देत नसे, आणि उत्तर आलं नाही की बाई खिडकीतून मान बाहेर काढून एकेकाच्या तोंडाकडे बघत.

आमच्याकडे तीन वेल्डर. त्यातले गुलाबराव सगळ्यांत जुने, यवतमाळकडचे. त्यांचा हात इतका हलका की त्यांनी जोडलेल्या पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. ते जी कांडी वापरतील तीच बाकीचे दोघे वापरत. आणि गुलाबराव लालच वापरत.

लाल कांडीत थोरियम नावाचा पदार्थ असतो. धार लवकर पेटते, टोक टिकतं, म्हणून वर्षानुवर्षं सगळीकडे तीच चालत आली. पण थोरियममध्ये थोडा किरणोत्सर्ग असतो. कांडी हातात धरल्यानं काही होत नाही. घासताना जी बारीक धूळ उडते ती मात्र छातीत जाऊ नये असं म्हणतात. राखाडी कांडीत थोरियम नसतो, आणि पातळ पत्र्याला लागतो तसा कमी करंट असेल तर ती लालइतकीच झटकन पेटते. हे सगळं बाईंनी मालकांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी मालकांकडून कांड्या घासायला एक वेगळं चाक बसवून घेतलं, त्याला धूळ ओढून घेणारी नळी जोडून घेतली, शेजारच्या हुकावर मास्क टांगले. चाक वापरात आलं. नळीचं बटण कुणी दाबत नसे, कारण तिचा आवाज फार. मास्क हुकावर कोरेच्या कोरे राहिले.

मग दिवाळीनंतर ठरलं की लाल कांड्या घ्यायच्याच नाहीत. गिऱ्हाइकालाही ते हवं होतं. प्रत्येक पेटीबरोबर जाणाऱ्या कार्डावर कुठली कांडी वापरली ते लिहावं लागायचं, आणि त्यांना तिथे राखाडी हवी होती. कार्डावर एक आणि टॉर्चमध्ये दुसरी असं त्यांच्या तपासनिसाला सापडलं असतं तर सगळा माल परत आला असता.

राखाडीची पहिली चाचणी मला आठवते. गुलाबरावांनी एक सांधा ओढला, आणि कोपऱ्यावर भोक पाडलं.

"पाहा न काकू. हिचं टोक राहत नाही. मले लालच द्या जी."

बाईंनी कांडी मागून घेतली, उजेडाकडे धरली, नख ओढलं.

"आडवी घासली आहे. मुद्दाम."

"माह्यावर संशय घेता काकू?"

"सगळ्यांवर घेते. तुमच्यावर थोडा जास्त."

बाकीचे दोघे हसले. गुलाबराव हसले नाहीत. त्यांनी टॉर्च खाली ठेवला आणि चहाला निघून गेले. त्या दिवसापासून राखाडीचा विषय काढला की तिघेही म्हणत, मऊ आहे, पत्रा जाळते, पेटत नाही. मालकांनी तोडगा काढला, शिल्लक लाल संपेपर्यंत चालू द्या, संपली की आपोआप राखाडीवर येतील.

इथून माझा संशय सुरू होतो.

मी लालची खरेदी बंद केली होती. उरलेल्या कांड्या किती आणि रोज किती झिजतात हे मला तोंडपाठ. माझ्या अंदाजानं संक्रांतीच्या आगेमागे लाल संपायला हवी होती. संक्रांत गेली, तिळगूळ वाटून झाला, उन्हाळा आला आणि गुलाबरावांच्या टॉर्चमध्ये लाल कांडी होतीच. राखाडीची पाकिटं मात्र मी आणत होतो तशी संपत होती. राखाडी कोणी वापरताना दिसत नव्हतं, लाल कोणी आणत नव्हतं. हे गणित सुटेना.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय निष्कर्ष काढला असतात? मी तोच काढला. राखाडी बाहेर जाते आहे, आणि तिच्या बदल्यात कुठून तरी स्वस्तातली लाल आत येते आहे. आणि आत-बाहेर करायची किल्ली एकीच्याच कमरेला आहे.

मी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "लाल अजून पुरते आहे वाटतं?"

"पुरवून वापरली की पुरते."

"आणि राखाडी?"

"ती पण." आणि मग माझ्याकडे बघून, "का? कुणी काही बोललं?"

त्यानंतर काही दिवसांनी मी पावतीला लावायला टाचणी शोधत होतो. बाई जेवायला गेल्या होत्या. त्यांच्या खणात टाचण्या होत्या, शिक्क्याचं पॅड होतं, आल्याच्या वड्यांची पुडी होती, आणि एक नेलपॉलिशची बाटली होती. लाल. निम्मी संपलेली.

बाईंच्या बोटांना मी कधी रंग पाहिला नव्हता. नखं कापलेली, फक्त उजव्या अंगठ्याचं जरा वाढवलेलं, तेही कांडी तपासण्यापुरतं. मी खण बंद केला. आता माझ्या संशयाला रंगही मिळाला होता. बिनरंगाचा भंगारातला माल आणायचा, त्याला लाल लावायचा, आणि चांगली राखाडी विकायची. सोमवारी मालकांपुढे विषय काढायचा असं मी ठरवलं. मला एवढंच विचारायचं होतं, की किल्ली बाईंकडे ठेवायची की नाही.

दरम्यान शेडमध्ये वेगळाच संशय पसरला होता. गुलाबराव म्हणत होते की आर्गनला वास येतो.

"साहेब, गॅसमध्ये भेसळ हाय. टॉर्च तापला का जळकट वास येते."

मी गॅसवाल्याला फोन केला. त्याचा माणूस आला, सिलिंडरकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे वळला.

"साहेब, आर्गनला वास नसतो."

"म्हणूनच तर बोलावलं."

तो सिलिंडर बदलून गेला. वास राहिला. बाईंनी या सगळ्या प्रकरणात एकदाही कुणावर संशय व्यक्त केला नाही, हे मी मनात टिपून ठेवलं. भेसळीचा विषय निघावा आणि बाईंनी गप्प बसावं, असं आधी कधी झालं नव्हतं.

एकीकडे त्या लाल कांडीचं कौतुकही चाललं होतं. गुलाबराव पेटीचा कोपरा बाकीच्या दोघांना दाखवत. "पाहा, याले म्हणतात सांधा! लाल ते लाल. राखाडीनं करून दाखवा असं." बाई खिडकीतून म्हणत, "छान झालंय," आणि पुढची लाल कांडी काढून देत. त्यांच्या तोंडून 'छान' ऐकून मला तर आणखीच शंका येई.

माझा सोमवार उजाडलाच नाही. शुक्रवारी सकाळीच फुटलं.

पातळ स्टेनलेस जोडण्याआधी ते अॅसिटोननं पुसतात. तेलाचा, घामाचा डाग राहिला तर सांधा काळा पडतो. गुलाबराव पत्रा पुसत होते. तेवढ्यात कांडीचं टोक खराब झालंय हे त्यांच्या लक्षात आलं म्हणून त्यांनी हातातल्या कापसासकटच टॉर्चमधून कांडी ओढून काढली. कापूस लाल झाला. त्यांनी आणखी चोळलं. लालखालून राखाडी निघाली.

ते शेडच्या मधोमध उभं राहून ओरडले. "काकू! फसवलं आपल्याले दुकानदारानं! माल डुप्लिकेट हाय! साहेब, इकडे या! मालकाले बोलवा!"

सगळे खिडकीशी जमले. मालक वरच्या केबिनमधून खाली आले. गुलाबरावांनी कापूस आणि कांडी खिडकीवर आपटली. मी बाईंकडे बघत होतो. सगळे वाट बघत होते की आता बाई कांडी उजेडाकडे धरणार आणि "वाटलंच" म्हणणार.

बाईंनी कांडीला हात लावला नाही. कापूस उचलला, बघितला, परत ठेवला.

"माल बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रंग माझा आहे."

मालक म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे राखाडीवर मी लाल लावला. दर रविवारी, घरी, वर्तमानपत्रावर मांडून. तो जळकट वासही त्याचाच. खरी लाल त्या तिथे डब्यात कुलपात आहे. मोजून घ्या."

"काहून पण?" गुलाबरावांचा आवाज आता खाली आला होता.

"तुम्ही लालशिवाय घेत नव्हता म्हणून."

"मी काय लहान पोर हाय का काकू? असं खेळवायले?"

"नाही. लहान पोरानं मास्क लावला असता."

कुणी हसलं नाही. गुलाबरावांचे कान तांबडे झाले. इतके दिवस ते ज्या कांडीचं कौतुक करत होते ती कोणती होती, हे त्यांच्याबरोबरच बाकीच्या दोघांनाही कळलं होतं. ते म्हणाले, "ज्या बाईवर आम्ही डोळे मिटून भरोसा ठेवला तिनं असं केलं. माल देणारानंच रंग बदलला तर आम्ही कुणावर भरोसा ठेवायचा? मालक, किल्ली काढा यायच्याकडून."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. "बाई, कार्डावर काय लिहिलंत?"

"राखाडी. कार्डं सगळी खरी आहेत. खोटं फक्त कांडीवर आहे."

"आणि तपासनिसानं टॉर्च उघडून लाल पाहिली असती तर?"

"तर माल परत आला असता आणि तुम्ही मला काढलं असतं. बरोबर केलं असतं."

माझा संशय चुकला नव्हता. खोट होती, ती स्टोअरमध्येच होती आणि करणारीही तीच होती. फक्त चोरी नव्हती. हिशेबात या गोष्टीला कोणत्या सदरात घालायचं हे मला आजही सांगता येणार नाही.

मालकांना त्यांना काढायचं नव्हतं. ते म्हणाले, झालं ते झालं, रंग पुसून टाका आणि कामाला लागा. बाई उठल्या, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ज्याच्यावर संशय आला त्याच्याकडे किल्ली ठेवायची नाही. नियम माझाच आहे."

मग त्यांनी अॅसिटोनची बाटली मागवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत बसून एकेक कांडी पुसली. मी समोर बसून मोजत होतो. शेडमध्ये कुणीतरी खोकलं. बाईंनी मान वर केली, पण विचारलं नाही. मग हळूच मला म्हणाल्या, "गुलाबराव आहेत. सकाळी जास्त असतो. गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे."

तेव्हा मी विचारलं, "बाई, लालमुळेच होतं याची तुम्हाला एवढी खात्री आहे?"

"खात्री कुठे आहे?" त्या पुसत राहिल्या. "आमचे हे आयुष्यभर लालच घासत होते. तोंडाला काही नाही, धूळ सगळी अंगावर. घरी आले की शर्ट झटकायचे, तोही घरातच. शेवटची वर्षं नुसती खोकण्यात गेली. डॉक्टर म्हणाले, सिगारेट. ओढायचे ते, खोटं कशाला बोलू. मला सिगारेटचा संशय आहेच. तसा लालचाही आहे."

"पण पुरावा नाही."

"पुरावा मिळेपर्यंत थांबायचं असेल साहेब, तर संशय घ्यायचा कशाला?"

महिनाअखेर बाईंनी नोकरीच सोडली, आणि त्यांचा शेवटचा हिशेब मी केला. पगार, रजा, बोनसचा भाग, सगळं मांडलं आणि खाली एक ओळ स्वतःहून घातली: रंगकाम साहित्य, पंचेचाळीस रुपये. बाटलीवर किंमत छापलेली होती, ती मी त्या दिवशीच पाहिली होती. बाईंनी कागद वाचला, त्या ओळीवर नख ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"काढा. फसवणूक आपल्या खर्चानं करायची असते."

मी ओळ काढली. त्यांनी बेरीज दोनदा तपासली, सही केली आणि आल्याच्या वड्यांची पुडी घेऊन गेल्या.

खिडकीत आता मी बसू लागलो. गुलाबराव दोन-तीन दिवस खिडकीकडे फिरकले नाहीत, बाकीच्यांना पाठवायचे. मग एकदा स्वतः आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "लाल द्या."

कुलपातला डबा माझ्या मागेच होता. मालकांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. मी म्हटलं, "लाल देणार नाही. राखाडी आहे."

त्यांनी डब्याच्या कुलपाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "तीच द्या मग. काकूची."

राखाडी हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही. आमच्या शेडमध्ये त्या कांडीला आता 'काकूची लाल' म्हणतात. नवा माणूस आला की गोंधळतो. त्याला राखाडी टोक दाखवून ही काकूची लाल असं सांगावं लागतं. पुढे एकदा मी चाकाजवळून जात होतो तर नळीचा आवाज चालू होता. हुकावरचा एक मास्क मळलेला दिसला. कुणाचा ते मी विचारलं नाही.

श्रावणात गुलाबरावांनी मला विचारलं, "साहेब, ते बाटली केवढ्याची होती?"

"कुठली बाटली?"

"नेलपॉलिशची. तिनं पैसे घेतले नाही म्हणते."

"घेतले नाहीत."

"मग मी देतो. वापरली तं मीच न."

एका रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून विश्रांतवाडीला नेलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर गुलाबरावांना दम लागला, कठड्याला धरून ते थांबले आणि खोकले.

वरून, बंद दाराआडून आवाज आला, "कोण खोकलं?"

गुलाबराव कठडा धरून उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उत्तर दिलं. "मी हाय काकू. गुलाब."

साखळीच्या फटीतून आधी एक डोळा दिसला. मग दार उघडलं. बाई तशाच होत्या, फक्त कमरेला किल्ली नव्हती. पाण्याचे पेले आले. गुलाबरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"काकू, तुमचा नंबर सांगा. बाटलीचे पैसे टाकतो."

"फोनमधले पैसे कुणी पाहिलेत?" बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला कुणी मागितले?"

"कोणी नाही. देतो म्हणलं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. फोटो काढला छातीचा. परत बोलावलं हाय."

"कागद आणलेत?"

"नाही."

"वाटलंच. पुढच्या वेळी आणा."

गुलाबरावांनी मोबाइल ठेवला आणि पाकिटातून पन्नासची नोट काढून त्यांच्या हातात दिली. बाई नोट घेऊन दाराशी गेल्या, जिन्यातल्या उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि अंगठ्याचं नख कडेवरून हळूच मागे ओढलं.

"खरी आहे," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पाच रुपयांचं नाणं घेऊन आल्या. "पंचेचाळीसची होती. साहेबांना विचारा."

आम्ही निघालो. दार लागलं, साखळी पडल्याचा आवाज आला. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर गुलाबराव थांबले. मला वाटलं पुन्हा दम लागला. वळून बघितलं तर ते खिडकीच्या उजेडात पाचचं नाणं धरून, एक डोळा मिटून तपासत होते.